विद्यार्थी परिषद करते तरी काय? महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

प्रवेश आटोपले, ओळखपत्रं हातात पडली की दरवर्षी हेच प्रश्न नव्याने येतात. इथली उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या सरकारी कायद्याखालच्या विद्यापीठांत आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांत शिकणाऱ्यांसाठी आहेत. दिल्लीबद्दल आणि परदेशाबद्दलही बरेच जण विचारतात, त्यांच्यासाठी शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

विद्यार्थी परिषद म्हणजे नेमकं काय?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ९९ प्रमाणे परिषद तीन ठिकाणी असते: प्रत्येक महाविद्यालयात, विद्यापीठाच्या आवारातल्या विभागांसाठी आणि अख्ख्या विद्यापीठासाठी. विद्यार्थ्यांच्या कल्याणाकडे लक्ष देणं आणि अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांना चालना देऊन त्यांचा मेळ घालणं, हे तिचं काम. राजकीय कामात परिषदेनं पडू नये, असंही कायदा सांगतो.

इतकं वाचून अनेकांचा समज होतो की गॅदरिंग, ट्रॅडिशनल डे आणि गणपती पार पाडले की परिषदेचं काम संपलं. बहुतेक ठिकाणी होतंही तेवढंच. पण त्याच कायद्यात, थोड्या पुढच्या-मागच्या कलमांत, परिषदेच्या पदाधिकाऱ्यांना अशा खोल्यांत खुर्ची दिली आहे जिथे पैशांचे आणि नियमांचे निर्णय होतात. त्या खुर्च्यांबद्दल कॉलेजात फारसं कुणी बोलत नाही. खाली त्यावर जरा सविस्तर लिहिलं आहे.

विद्यार्थी परिषद म्हणजे अभाविप ना?

नाही. अखिल भारतीय विद्यार्थी परिषद ही १९४९ साली नोंदणी झालेली संघटना आहे, तुम्ही वर्गणी भरून तिचे सभासद होता. एनएसयूआय, एसएफआय, एआयएसएफ, छात्रभारती, युवासेना, मनविसे यांचंही तसंच. कायद्यातली विद्यार्थी परिषद वेगळी. तिचे तुम्ही प्रवेश घेतला त्याच दिवशी मतदार झालात, वेगळा फॉर्म भरायला नको. नावातल्या सारखेपणामुळे पालकांचा मात्र दरवर्षी गोंधळ होतो आणि "आमची मुलगी परिषदेत नको" असे फोन प्राचार्यांना येतात.

हा कायदा माझ्या कॉलेजला लागू आहे का?

मुंबई, पुणे, कोल्हापूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, जळगाव, नागपूर, अमरावती, गडचिरोली इथली पारंपरिक विद्यापीठं आणि एसएनडीटी या कायद्याखाली येतात. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि चारही कृषी विद्यापीठं यांचे कायदे वेगळे. अभिमत आणि खाजगी विद्यापीठांत तुमची परिषद कशी बनेल हे त्या त्या संस्थेच्या नियमांवर ठरतं. तिथे शिकत असाल तर आधी तो नियम लेखी मागून घ्या. माहितीपुस्तिकेतलं 'व्हायब्रंट स्टुडंट लाइफ' हे पान म्हणजे नियम नव्हे.

परिषदेत कोण कोण असतं?

महाविद्यालयाच्या पातळीवर अध्यक्ष आणि सचिव यांना सगळ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांनी थेट मत देऊन निवडायचं असतं. प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी, म्हणजे आपला सीआर, त्या वर्गाने निवडायचा. एक महिला प्रतिनिधी असते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्यातून आलटून पालटून एक प्रतिनिधी असतो. शिवाय राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, खेळ आणि सांस्कृतिक बाजूने काही जण नेमले जातात.

विद्यापीठाच्या परिषदेसाठी तुम्ही थेट मत देत नाही. महाविद्यालयांच्या आणि विभागांच्या परिषदांवर निवडून आलेले पदाधिकारी एकत्र येऊन आपल्यातून विद्यापीठाचा अध्यक्ष, सचिव वगैरे निवडतात. पुण्याकडचे जुने लोक अजूनही 'जीएस' आणि 'यूआर' म्हणतात. जीएस म्हणजे कॉलेजचा सरचिटणीस आणि यूआर म्हणजे विद्यापीठ प्रतिनिधी. हे शब्द जुन्या कायद्यांच्या काळातले, पण बुलेटच्या नंबरप्लेटवर अजून जिवंत आहेत.

पण आमच्या कॉलेजात निवडणूक कधी झालेलीच आठवत नाही. मोठ्या ताईच्या वेळीही नव्हती. असं का?

तुमच्या ताईच्याच काय, तिच्या आधीच्याही कित्येक तुकड्यांनी पाहिलेली नाही.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत महाराष्ट्रात कॉलेजच्या निवडणुका धडाक्यात होत. गुलाल, जीपच्या रांगा, मतदानाच्या आदल्या रात्री प्रतिनिधींना 'सहली'ला घेऊन जाणं, क्वचित पळवूनच नेणं, हे सगळं त्यात होतं. आज राज्याच्या राजकारणात जे साठी-सत्तरीचे चेहरे दिसतात, त्यांतल्या अनेकांचं पहिलं भाषण कॉलेजच्या पोर्चमधलं आहे. पण हाणामाऱ्याही वाढत गेल्या. १९८९ मध्ये मुंबईत निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला आणि निवडणुका बंद करा ही मागणी जोर धरू लागली. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट मतदान काढून टाकलं. वर्गात ज्याला सर्वांत जास्त गुण तो वर्गप्रतिनिधी, काही जण प्राचार्यांनी नेमलेले, आणि या सगळ्यांनी मिळून आपल्यातून सचिव निवडायचा, अशी पद्धत आली.

यातली एक गंमत कुणाच्या फारशी लक्षात येत नाही. १९८९ सालीच देशात मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलीला आमदार निवडण्याची अक्कल आहे असं देशाने मान्य केलं आणि पुढच्या पाच वर्षांत राज्याने ठरवलं की वर्गाचा सीआर निवडण्याइतकी ती शहाणी नाही.

गुणवत्तेची पद्धत वाईट हेतूने आणली होती असं नाही, दंगे थांबलेही. पण पंच्याण्णव टक्के मिळवणाऱ्याला वसतिगृहाच्या पाण्यासाठी रेक्टरशी भांडायची हौस असेलच असं नाही. ज्याला हौस होती त्याचे गुण कमी पडत. आणि प्राचार्यांनी नेमलेला सभासद प्राचार्यांना अडचणीचे प्रश्न विचारायला कचरतो, यात त्याचा तरी काय दोष?

२०१६ च्या कायद्याने थेट निवडणूक परत आणली. तिचे तपशीलवार परिनियम, म्हणजे कायद्याखालचे नियम, २०१८ मध्ये निघाले. २०१९ मध्ये वेळापत्रक ठरलं, मग विधानसभा निवडणूक जवळ आल्यामुळे ते पुढे ढकललं गेलं. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाने कॉलेजंच बंद झाली. कॉलेजं उघडली तरी थेट निवडणुकीचा मुहूर्त पुढची कितीतरी वर्षं लागला नाही. दरम्यान विधानसभा, लोकसभा, ग्रामपंचायती सगळ्यांची मतदानं झाली. त्यामुळे निवडणूक न घेण्यासाठी पुढे केलं जाणारं सुरक्षेचं कारण मला तरी फारसं पटत नाही. सत्तेत कुणीही असो, अठरा-वीस वर्षांची निवडून आलेली पोरं आवारात असणं संस्थाचालकांना आणि मंत्रालयाला सोयीचं नसतं, एवढाच त्याचा अर्थ मी लावतो.

मग आमच्याकडे 'स्टुडंट कौन्सिल'चे टी-शर्ट घालून फिरतात ते कोण?

बहुधा महाविद्यालयाने मुलाखत घेऊन किंवा गुणांवरून नेमलेली मंडळी. फेस्टिव्हल उभा करणं, प्रायोजक शोधणं, स्टेज सांभाळणं ही कामं ते मन लावून करतात, त्यांना नावं ठेवू नका. फक्त ते निवडून आलेले प्रतिनिधी नाहीत हे तुम्हाला आणि त्यांनाही माहीत असावं.

परिषदेला खरे अधिकार किती? की सगळं शोभेचं?

हुकूम देण्याचा अधिकार जवळजवळ शून्य. फी कमी करा, अमुक शिक्षकांना बदला, परीक्षा पुढे ढकला, असा ठराव परिषदेने केला तरी तो कुणावर बंधनकारक नाही. पण समोर बसून विचारण्याचा आणि कागद पाहण्याचा अधिकार मात्र कायद्याने दिलेला आहे.

कलम ९७ प्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असायला हवी. संस्थेचे अध्यक्ष तिचे अध्यक्ष, प्राचार्य सदस्य-सचिव, शिक्षकांचे आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी, आणि त्यांच्याच पंक्तीला विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव. ही समिती वर्षातून किमान चार वेळा भरायला हवी. कॉलेजचं वार्षिक अंदाजपत्रक तिच्यापुढे येतं, नवे अभ्यासक्रम, विद्यार्थ्यांच्या सोयी, शिस्तीचे प्रश्न तिच्यापुढे येतात. म्हणजे ग्रंथालयाला यंदा किती रक्कम आणि प्रवेशद्वाराच्या कमानीला किती, हे ज्या टेबलावर ठरतं तिथे दोन विद्यार्थी बसलेले असायला हवेत.

वरच्या पातळीवर विद्यापीठ विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव अधिसभेचे, म्हणजे सिनेटचे, सदस्य असतात. सिनेटपुढे विद्यापीठाचा अर्थसंकल्प येतो आणि तिथे लेखी प्रश्न विचारता येतात. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर द्यावं लागतं, त्यामुळे कुलसचिवांच्या कार्यालयात एखाद्या मोर्चापेक्षाही नीट लिहिलेल्या प्रश्नाची धास्ती जास्त असते.

थेट निवडणूक झाली नाही की या खुर्च्यांवर निवडून आलेलं कुणी नसतं. निवडणूक लांबण्याचं खरं नुकसान मला हे वाटतं. गुलाल उडाला नाही याचं दुःख कुणाला नाही, पण चार बैठका विद्यार्थ्यांनी निवडलेल्या कुणाशिवाय होतात आणि अंदाजपत्रक मंजूर होऊन जातं.

परिषदेकडे पैसे कुठून येतात?

तुमच्याच खिशातून. फीची पावती एकदा नीट वाचा: जिमखाना, विद्यार्थी कल्याण किंवा विद्यार्थी विकास, युवक महोत्सव, क्रीडा, असे छोटे छोटे रकाने असतात. एकेक रक्कम किरकोळ दिसते, पण तीन हजार विद्यार्थ्यांनी गुणून बघा. खात्यावर सही प्राचार्यांची किंवा त्यांनी नेमलेल्या प्राध्यापकांची असते, परिषदेची नाही. विद्यापीठाच्या पातळीवर विद्यार्थी विकास मंडळ आणि त्याचे संचालक हा पैसा हाताळतात. 'इंद्रधनुष्य' युवक महोत्सव, 'अश्वमेध' क्रीडा स्पर्धा, 'आविष्कार' संशोधन स्पर्धा, पुण्यातली 'कमवा आणि शिका' योजना ही सगळी मंडळी याच वर्तुळातली. परिषदेने मागायची गोष्ट साधी असते: जिमखान्याच्या नावाने जमा झालेले पैसे जिमखान्यावरच खर्च झाले का, हे दाखवा.

निवडणुकीला उभं राहायला काय लागतं? मला एक केटी आहे, म्हणजे एक विषय राहिलाय.

मग अवघड आहे. देशभरच्या विद्यार्थी निवडणुकांना लिंगडोह समितीची चौकट लागू होते. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने २००६ च्या मे महिन्यात अहवाल दिला आणि त्याच वर्षी २२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो लागू करायला सांगितलं. त्यातले रोज लागणारे नियम असे: पदवीच्या उमेदवाराचं वय १७ ते २२, पदव्युत्तरसाठी कमाल २४-२५, संशोधकांसाठी २८. हजेरी किमान ७५ टक्के. त्या वर्षी एकही विषय राहिलेला नसावा. गुन्हेगारी खटला किंवा विद्यापीठाची शिस्तभंगाची कारवाई झालेली नसावी. पदाधिकारी म्हणून आयुष्यात एकदाच उभं राहता येतं, कार्यकारिणीच्या सदस्यत्वासाठी दोनदा.

खर्चाची मर्यादा प्रत्येक उमेदवाराला ५,००० रुपये, आणि निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्यायचा. छापील पोस्टर चालत नाहीत, हाताने बनवलेलीच, तीही ठरवून दिलेल्या जागी. लाउडस्पीकर नाही, गाड्या नाहीत, जनावरंही नाहीत. (जनावरांचा उल्लेख वाचून हसू येतं, पण नियमात लिहावं लागलं म्हणजे कुणीतरी आणली असणार.) अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं दहा दिवसांत आटपायचं.

पाच हजारांची मर्यादा २००६ सालची आहे. तेव्हापासून वडापावचा भाव किती पटीने वाढला ते तुम्हीच बघा. मर्यादा अशी अवास्तव राहिली की खरा हिशेब कुणीच देत नाही.

पक्षांच्या संघटनांना मनाई आहे ना? मग त्या सगळीकडे कशा दिसतात?

लिंगडोह समितीला निवडणूक पक्षांपासून लांब हवी होती आणि आपला कायदाही परिषदेला राजकारणापासून दूर ठेवतो. प्रत्यक्षात संघटना कायम आवारात असतात. त्यांच्याकडे कार्यकर्ते असतात, वकील असतात, पत्रकारांचे नंबर असतात. अडलेल्या विद्यार्थ्याचं काम त्यांच्यामुळे होतं हेही खरं आहे. प्रवेशाच्या दिवसांत महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचा, अर्ज भरून देणारं टेबल कुणाचं असतं ते पाहून घ्या.

माझं मत विचाराल तर उघड नाव लावून उभं राहिलेलं बरं. 'अपक्ष' म्हणून निवडून यायचं आणि निकालाच्या संध्याकाळी कुणाच्या तरी कार्यालयात जाऊन शाल घ्यायची, यात मतदाराची फसवणूक जास्त आहे. हे मत सगळ्यांना मान्य नसतं. माझ्या ओळखीचे एक निवृत्त प्राचार्य यावर हमरीतुमरीवर येतात.

मुंबई विद्यापीठाची सिनेट निवडणूक गाजली होती. तीच विद्यार्थ्यांची निवडणूक का?

ती वेगळी. सिनेटवर दहा जागा नोंदणीकृत पदवीधरांच्या असतात. म्हणजे ज्यांनी पदवी घेतली आणि मतदार म्हणून नाव नोंदवलं ते मत देतात. मुंबईत ही निवडणूक लांबत लांबत अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर झाली आणि दहाही जागा ठाकरे गटाच्या युवासेनेने जिंकल्या. त्यात आज वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याला मत नव्हतं. तुम्ही पदवीधर झालात की नाव नोंदवून ठेवा, नोंदणी आपोआप होत नाही आणि बहुतेकांना ती बंद झाल्यावरच कळतं.

निकाल रखडलाय. परिषद काय करू शकते?

आधी कायदा माहीत हवा. शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत निकाल लावायचा, असं २०१६ चाच कायदा म्हणतो. म्हणजे निवेदनात "कृपया लवकर निकाल लावावा" असं लिहू नका. परीक्षा संपल्याची तारीख, आजची तारीख, उलटलेले दिवस आणि कायद्यातली मुदत एवढं लिहा आणि विलंबाचं कारण लेखी मागा.

२०१७ चा उन्हाळा मुंबईकर विद्यार्थी विसरणार नाहीत. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने आणली आणि लाखो विद्यार्थ्यांचे निकाल अडकले. परदेशी प्रवेश हुकले, पदव्युत्तर प्रवेशांची साखळी तुटली. कुलपती म्हणून राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली, तीही उलटली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं. बाहेर संघटना घोषणा देत होत्या, आणि आत थेट मताने निवडून आलेला एकही विद्यार्थी बसलेला नव्हता. निविदा निघत असताना, प्राध्यापकांना प्रशिक्षण द्यायचं ठरत असताना एखाद्याने सरळ विचारलं असतं की स्कॅनिंगला किती दिवस लागणार, तर काय झालं असतं कोण जाणे.

आणखी दोन हत्यारं. माहिती अधिकार: राज्यात दहा रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर, आणि २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क. दुसरं, यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२३ चे तक्रार निवारण विनियम. त्यांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं आणि त्याने ३० दिवसांत प्रकरण निकाली काढायचं असतं. तुमच्या विद्यापीठाचा लोकपाल कोण हे संकेतस्थळावर असायला हवं. नसेल तर पहिली तक्रार तीच करा.

निवडून आलेली परिषदच नाही, तर विद्यार्थ्यांना कुठेच जागा नाही का?

आहे, आणि या जागा भरण्यासाठी मंत्रालयाच्या वेळापत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

सर्वांत महत्त्वाची जागा अंतर्गत तक्रार समितीत, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीत. यूजीसीच्या २०१५ च्या विनियमांनुसार प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन अशा तीन पातळ्यांवरचे तीन विद्यार्थी समितीत हवेत, आणि तेही पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडलेले. नेमलेले चालत नाहीत. तुमच्या कॉलेजात या तिघांची निवड कधी झाली, कुणी मत दिलं, हे विचारून पाहा. बऱ्याच ठिकाणी फलकावर नावं असतात आणि नाव असलेल्या मुलीलाच त्याचा पत्ता नसतो.

रॅगिंगविरोधी समितीत नव्या आणि जुन्या, दोन्ही विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, तिच्यासाठी लागणाऱ्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात विद्यार्थी प्रतिनिधी असतो. वसतिगृहाची मेस समिती तर कुठल्याही परिनियमाशिवाय उभी राहते.

मोर्चा काढावा की निवेदन द्यावं?

आधी निवेदन, पोच घेऊन. शिक्का आणि आवक क्रमांक असलेली प्रत हातात नसेल तर तुम्ही काही दिलंच नाही असं समजा. पण निवेदनांनीच सगळं होतं असं सांगून तुम्हाला फसवणारही नाही. गोव्यात १९७८-७९ साली विद्यार्थ्यांनी बसभाड्यात ५० टक्के सवलतीसाठी रस्त्यावर येऊन मोठा लढा दिला. अहमदाबादेत डिसेंबर १९७३ मध्ये एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहात मेसचं बिल वाढलं आणि त्यातून पेटलेल्या नवनिर्माण आंदोलनाने फेब्रुवारीत मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यायला लावला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ सालचा, नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत विद्यार्थ्यांच्या पिढ्या या लढ्यात येत-जात राहिल्या आणि दलित वस्त्यांनी त्याची फार मोठी किंमत मोजली. मेसच्या बिलाचं आणि नामांतराचं आंदोलन एका मापाने मोजू नका.

जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठात निवडणूक होते, मग आपल्याकडे का नाही?

तिथेही ती अखंड नाही. जेएनयूची निवडणूक विद्यार्थ्यांचीच निवडणूक समिती घेते, संघटनेची घटना विद्यार्थ्यांनी लिहिलेली आहे, आणि अध्यक्षपदाच्या उमेदवारांची रात्री उशिरापर्यंत चालणारी जाहीर वादसभा ऐकायला सगळं आवार लोटतं. पण लिंगडोह नियम पाळले नाहीत म्हणून २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, ती २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१९ नंतर पुन्हा खंड पडला तो थेट मार्च २०२४ पर्यंत.

दिल्ली विद्यापीठात चार मुख्य पदांसाठी मतदान यंत्रावर मतं पडतात आणि खर्च डोळे दिपवणारा असतो. २०२४ मध्ये भिंती पोस्टर-रंगाने इतक्या विद्रूप झाल्या की सप्टेंबरच्या शेवटी झालेल्या मतदानाची मोजणी उच्च न्यायालयाने रोखली. आधी घाण साफ करा, मग मोजा. निकाल लागला २५ नोव्हेंबरला. हाताने बनवलेल्या पोस्टरचा नियम तिथेही कागदावर होताच. आपण उचलायचं असेल तर जेएनयूची वादसभा उचलावी, दिल्ली विद्यापीठाचे फ्लेक्स नकोत.

मी एमएससाठी इंग्लंडला चाललोय. तिथली स्टुडंट्स युनियन म्हणजे काय?

तिथे ती विद्यापीठापासून बरीचशी वेगळी संस्था असते. स्वतःची इमारत, कर्मचारी, कॅफे, बार, शंभर-दोनशे क्लब. निवडून आलेले मुख्य पदाधिकारी वर्षभर शिक्षण थांबवून पगारी, पूर्णवेळ काम करतात, पण कायद्याने असं पद दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ठेवता येत नाही. तो कायदाही १९९४ चाच: आपण ज्या वर्षी मतपेटी बंद केली त्याच वर्षी ब्रिटनने प्रमुख पदांसाठी गुप्त मतदान सक्तीचं केलं. सभासद व्हायचं नसेल तर नकार देण्याचा हक्कही त्यातच आहे.

तुम्हाला सर्वांत उपयोगी पडेल तो युनियनचा सल्ला विभाग. घरमालक डिपॉझिट देत नाही, वाङ्मयचौर्याचा आरोप झालाय, आजारपणामुळे परीक्षा हुकली, अशा वेळी तो विद्यापीठाच्या बाजूने नाही, तुमच्या बाजूने बसतो. आपली मुलं तिथे फार उशिरा जातात, तोवर अपिलाची मुदत उलटलेली असते.

जर्मनीला जाणाऱ्यांसाठी: बहुतेक राज्यांत 'आस्टा' नावाची विद्यार्थ्यांची कार्यकारिणी असते, ती विद्यार्थी संसद निवडते. सेमिस्टरच्या सुरुवातीला तुम्ही जी रक्कम भरता त्यातला छोटा हिस्सा तिचा.

उद्या खरंच निवडणूक झाली आणि मी सचिव झाले, तर पहिल्या महिन्यात काय करू?

अभिनंदनाचे फ्लेक्स लावू देऊ नका, तो पहिला नियमभंग ठरेल. मग प्राचार्यांना पत्र देऊन महाविद्यालय विकास समितीच्या गेल्या वर्षाच्या बैठकांची इतिवृत्तं आणि चालू अंदाजपत्रक मागा. हे वाचायला कंटाळवाणं असतं, दोन संध्याकाळी जातील. पण पुढच्या बैठकीत तुम्ही "मागच्या वेळी स्वच्छतागृहांच्या दुरुस्तीला मंजुरी दिली होती, काम कुठवर आलं?" असं विचारलंत की खोलीतली हवा बदलते. तुम्ही फक्त चहा प्यायला आलेल्या नाही हे सगळ्यांना कळतं.

बैठकीची विषयपत्रिका आधी मागून घ्या. तुमचा विषय 'ऐनवेळचे विषय' यात ढकलू नका, तिथपर्यंत पोचेस्तोवर लोक घड्याळं बघायला लागलेले असतात. आपण बोललो ते इतिवृत्तात नीट उतरलंय का हे पुढच्या बैठकीच्या सुरुवातीलाच तपासा, कारण ते एकदा कायम झालं की दुरुस्ती होत नाही.

शिपाईकाका, ग्रंथालयातल्या मॅडम आणि परीक्षा विभागातले क्लार्क यांच्याशी ओळख ठेवा. फाईल कुठे अडली हे प्राचार्यांच्या आधी त्यांना माहीत असतं.

आणि एका वर्षात एक, फार तर दोन कामं धरा. जाहीरनाम्यात चौदा आश्वासनं असली तरी.

मुदत संपताना काय करायचं?

एक फाईल करा. दिलेल्या प्रत्येक निवेदनाची पोच, मिळालेली उत्तरं, इतिवृत्तांच्या प्रती, प्रायोजकांचे पत्ते, हिशेबाच्या पावत्या, अर्धवट राहिलेल्या कामांची एका पानाची यादी. पुढच्या सचिवाला ती समोर बसून समजावून द्या आणि दुसरी प्रत ग्रंथालयात ठेवायची विनंती लेखी करा. विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातात, प्रशासन तीस वर्षं तिथेच असतं, आणि "असं कधी ठरलंच नव्हतं" हे वाक्य त्याच्या फार सवयीचं आहे. इन्स्टाग्रामच्या खात्याचा पासवर्डही द्यायला विसरू नका, दरवर्षी नवं खातं उघडावं लागतं.

मला निवडणूकही लढवायची नाही आणि समितीतही बसायचं नाही. मग मी काय करू?

तुमच्या वर्गाचा सीआर कोण ते शोधा आणि महिन्यातून एकदा त्याला विचारा की मागच्या बैठकीत काय झालं. बैठकच झाली नाही असं उत्तर आलं तर ते प्राचार्यांना विचारा.